ओढ्याकाठचे 3 गुंठे

बायांनो, पेरणी तोंडावर आली आहे, म्हणून आज आम्ही ओढ्याच्या काठाबद्दल बोलणार आहोत.

आपल्याकडं वावर पार काठापर्यंत नांगरतात. जरा जागा सोडली की घरात कुणीतरी म्हणतंच, जमीन पडीक टाकली. पूर्वी काठाला करंज, उंबर, निर्गुडी असायची. ती काढून आता सोयाबीनची एक ओळ जास्त बसवतात. मग मोठा पाऊस आला की माती सुटते आणि तिच्याबरोबर खत, फवारणीचं औषध ओढ्यात उतरतं. पुष्कळ गावांत पिण्याच्या पाण्याची विहीर ओढ्याकाठीच असते. त्या पाण्याची घागर आपल्याच डोक्यावर येते.

काठाला दाट गवत असलं की वरून पळत आलेलं पाणी त्यात अडखळतं. वेग कमी झाला की गाळ तिथंच बसतो. स्फुरद बहुतेक मातीला चिकटून असतं, ते गाळाबरोबर थांबतं. नत्र पाण्यात विरघळून जातं, त्यातलं थोडं मुळं शोषून घेतात. झाडांच्या मुळांनी काठ धरून राहतो. मात्र पाणी एकाच घळीतून धो धो येत असेल तर गवत काही करू शकत नाही. तिथं आधी वरच्या अंगाला बांधबंदिस्ती हवी.

आता जागेचा हिशोब. 100 मीटर काठ आणि 3 मीटर रुंदी, म्हणजे 300 चौरस मीटर, साधारण 3 गुंठे. जिची जमीन एकच एकर आहे तिला हे थोडे नाहीत. पण त्यात मारवेल लावलं तर वैरण होते, आणि भाऱ्यासाठी लांब जावं लागत नाही. गुरं आत सोडू नका, काठ तुडवला जातो. कापून दावणीला घाला.

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातही सोयाबीन आणि मका पिकतो. तिथं 2015 साली कायदा झाला: नद्या-तळ्यांच्या काठी सरासरी 50 फूट हिरवा पट्टा ठेवायचा, सार्वजनिक चरांना साडेसोळा फूट. शेतकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा दुसरे उपाय करायचीही मुभा मिळाली. आमचं म्हणणं, एकरभर जमीन असणाऱ्याला 50 फूट सोडायला लावणं हा अन्यायच होईल. पण विहीर साऱ्या गावाची आहे, तर पट्ट्याचा खर्च एकट्या काठावाल्यानं का सोसावा? रोजगार हमीत वृक्षलागवडीची कामं निघतात. ओढ्याकाठची लागवड त्यात घ्या, असं ग्रामसभेत लेखी मागा.

नांगर कुठं वळवायचा हे आपल्याला फारसं कुणी विचारत नाही. सातबाऱ्यावर नाव नसतं ना! म्हणून आम्ही घरात बोलणं वैरणीपासून काढलं. विकतच्या कडब्याला किती पैसे गेले ते मांडलं, आणि मग 3 मीटर मागितले. दोन घरांत लगेच होकार आला. एका घरात अजून घासाघीस चालू आहे, एका मीटरवर आली आहे.

काठ जिथं ढासळतो तिथं वाळा लावा. त्याची मुळं सरळ खोल जातात. चांगला पाऊस होऊन जमीन भिजली की ठोंब वीतभर अंतरानं, उताराला आडवे लावायचे. आमच्याकडं ठोंब आहेत. ज्या गटांना हवेत त्यांनी मृगाआधी निरोप धाडा, आणि येताना ओली गोणपाटं घेऊन या.