स्टिअरिंग जड का झालं?



पॉवर स्टिअरिंग हा शब्द आता इतका घरगुती झाला आहे, की नवी गाडी घेताना त्याची कुणी चौकशीही करत नाही. ते असतंच. पण आपल्या मुंबईने कितीतरी वर्षं त्याच्याशिवाय वळणं घेतली. काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनीच घ्या. मुळात इटलीची फियाट ११००, कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी. चालकाच्या दंडात जेवढा जोर, तेवढाच तिच्या स्टिअरिंगला. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये झाली आणि २० वर्षांची वयोमर्यादा संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेली. माझे अब्बा पद्मिनी चालवत. रात्री परळच्या आमच्या खोलीत परतले की आई त्यांच्या खांद्याला तेल चोळायची. ‘उभ्या गाडीचं चाक फिरवू नये. गाडी जरा सरकू द्यावी, मग वळवावी,’ हे त्यांचं सूत्र मी वृत्त-छंदांच्या आधी शिकलो.

याच शहरात पॉवर स्टिअरिंगच्या गाड्याही होत्या, पण त्या शेटलोकांच्या आणि सिनेमावाल्यांच्या. अमेरिकन गाड्यांशी मुंबईचं नातं जुनं. जनरल मोटर्सने १९२८ साली आमच्या परळशेजारी, शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली, ती १९५४ पर्यंत चालली. त्या गाड्या हातानेच वळत. तेलाच्या दाबाने चाक हलकं करण्याची युक्ती फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ मध्येच पिअर्स-अ‍ॅरो गाडीवर करून दाखवली होती. पण सर्वसामान्य गिऱ्हाइकाला ती मिळाली १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत. मग साठीच्या दशकातल्या लांबलचक इम्पाला आल्या. आज जी हकीकत सांगायची आहे ती अशाच एका इम्पालाची. १९६३ चं मॉडेल, मुक्काम दादर पारसी कॉलनी.

तिचे मालक वयाने अठ्ठ्याहत्तर. फाइव्ह गार्डन्सला सकाळी फिरताना आमची ओळख झाली. मी त्यांना बावाजी म्हणतो, ते मला डिकरा म्हणतात. गाडी त्यांच्या वडिलांची. गेल्या वर्षी तिचं स्टिअरिंग जड झालं. बावाजींच्या खांद्यावर आधीच एक शस्त्रक्रिया झालेली. त्यांनी गाडी एका मोठ्या गॅरेजमध्ये दाखवली. तिथे बोनेट उघडून, एकदा चाक फिरवून निदान झालं, ‘पंप गेला. अमेरिकेहून मागवावा लागेल.’ खर्चाचा आकडा ऐकून त्यांचा मुलगा म्हणाला, ‘पप्पा, विकून टाका.’ हे मला सांगताना बावाजी बागेच्या कठड्यावर बसले आणि बराच वेळ बोललेच नाहीत.

मी त्यांना लालबागला मिस्त्रीकाकांकडे नेलं. काका मूळचे मालवणचे. पूर्वी एका गिरणीच्या मेकॅनिक खात्यात फिटर होते. १९८२ च्या संपानंतर त्यांनी चाळीच्या मागच्या बोळात पत्र्याची शेड टाकली. अब्बांची टॅक्सी त्यांच्याकडेच असायची. बोळात ही गाडी शिरवायलाच पंधरा मिनिटं लागली. चाळीतली सगळी पोरं गॅलरीत आली, ती गोष्ट निराळी.

काकांनी बोनेट उघडलंच नाही. आधी स्टुलावर बसून विचारलं, ‘शेट, उभी असताना जड होते की चालतानाही? दोन्हीकडे सारखी जड, की एकाच अंगाला? वळून झाल्यावर चाक आपोआप सरळ येतं का? पावसात वाढतं का?’ डॉक्टरने आधी नाडी धरावी तसे हे प्रश्न. प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या अवयवाकडे नेतं. उभ्या गाडीत, इंजिन मंद असताना जड आणि वेगात हलकी, तर पंप किंवा त्याचा पट्टा. पाऊस पडला की वाढतं, तर पट्टा घसरतोय. एकाच बाजूला जड, तर व्हॉल्व्ह. चाक वळवलेलंच राहतं, परत येत नाही, तर पंपाशी संबंध नाही, खालचे सांधे सुकलेत. बावाजींच्या गाडीत या सगळ्यातलं थोडंथोडं होतं, आणि म्हणूनच ते निदान सोपं नव्हतं.

मग जमिनीवरचे थेंब. इंजिनचं तेल काळं पडतं, या स्टिअरिंगमध्ये गिअरबॉक्सचं लालसर तेल घालतात. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी पुठ्ठ्यावर डावीकडे काळा डाग होता आणि मधोमध दोन लालसर. काका म्हणाले, ‘काळ्याचं नंतर बघू.’

आता या गाडीची रचना थोडी सांगितली पाहिजे. आजच्या गाडीत मदत करणारं यंत्र स्टिअरिंगच्या पेटीतच किंवा वरच्या दांड्यावर असतं. त्या काळच्या शेव्हर्लेत ते बाहेर, चाकांना जोडणाऱ्या दांड्यांवर बसवलेलं असे. इंजिनच्या पट्ट्यावर पंप फिरतो आणि तेलाला दाब देतो. चालकाने चाक वळवलं की दांड्याच्या टोकाचा छोटा व्हॉल्व्ह किंचित सरकतो आणि तेल एका नळकांड्यात दट्ट्याच्या या किंवा त्या बाजूला जातं. मग नळकांडं दांड्याला ढकलतं. पंप बंद पडला तरी गाडी वळते, फक्त सगळा भार तुमच्या हातावर येतो.

काकांनी पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, नळकांड्याचा दट्ट्या चासीपासून सोडवला, इंजिन बंदच ठेवलं आणि चाक हाताने फिरवायला लावलं. तरीही ते कुरकुरत, अडखळत फिरलं. ‘बघा शेट, तेल बाजूला ठेवलं. आता जे बोलतंय ते लोखंड बोलतंय.’ बॉल जॉइंटची ग्रीस भरायची निपलं रंगाने आणि मातीने बुजली होती. कधीतरी कुणीतरी खालून फवाऱ्याने रंग मारला आणि त्यानंतर ग्रीस आत गेलंच नाही. टायरमध्ये हवाही कमी होती.

इथे मला वाटतं ते स्पष्टच सांगतो. नवा पंप बसवला असता तर स्टिअरिंग हलकं झालंही असतं. आणि तोच धोका होता. पंपाने आपल्या जोराने सुकलेल्या सांध्यांना रेटत नेलं असतं, बावाजींच्या हाताला काही कळलं नसतं, आणि सांधा झिजत राहिला असता. बॉल जॉइंट सुटला तर पुढचं चाक आडवं पडतं. जड स्टिअरिंग ही त्या गाडीची तक्रार होती, आणि तक्रार गप्प करण्याचेच पैसे मागितले जात होते.

निपलं बदलली, ग्रीस आत गेलं, एक सांधा बदलावाच लागला. पट्टा आतून काचेसारखा गुळगुळीत झाला होता, तो नवा टाकला. दाबाच्या नळीला तडे गेले होते. ही साधी रबरी नळी क्लिप लावून चालत नाही, दाबाने ती फुटते. दोन्ही टोकांना यंत्राने आवळलेली नळी नागदेवी स्ट्रीटवर करून घेतली.

राहिला व्हॉल्व्ह. इंजिन चालू केलं, चाकं अधांतरी, आणि सोडवलेला दट्ट्या कुणी हात न लावता आपोआप बाहेर आला. म्हणजे व्हॉल्व्ह मध्यावर नव्हता, सतत एका बाजूला तेल पाठवत होता. त्यामुळेच गाडी डावीकडे हलकी आणि उजवीकडे जड होती. व्हॉल्व्हच्या टोपीखाली एक नट असतो. काकांनी तो दट्ट्या आत जायला लागेपर्यंत फिरवला, मग उलटा, पुन्हा बाहेर यायला लागेपर्यंत. या दोन जागांमधलं अंतर मनाशी धरलं आणि नट बरोबर निम्म्यावर आणून सोडला. दट्ट्या जागच्या जागी थांबला. बोळात क्षणभर फक्त इंजिनचा आवाज होता. बावाजी मला म्हणाले, ‘डिकरा, जोयुं?’

शेवटी तेल भरून हवा काढली. त्याची रीत म्हणजे चाक हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं, टोकाला दाबून धरायचं नाही, टाकीतला फेस विरेपर्यंत थांबायचं, पुन्हा भरायचं. यात घाई केली तर पंप रडत राहतो आणि लोक पुन्हा पंपालाच दोष देतात. पंपाच्या दांड्याचं एक सील सोडलं तर तो ठणठणीत होता.

झालेला सगळा खर्च पंपाच्या किमतीच्या जवळपासही गेला नाही. विकण्याचं बोलणं मागे पडलं. रविवारी सकाळी बावाजी गाडी काढतात, मुलगा शेजारी बसतो. काकांची चाळ मात्र पुनर्विकासात चालली आहे. नव्या इमारतीच्या नकाशात शेडला जागा नाही. त्यांच्या हाताखालचा मुलगा आता नट फिरवतो, पण प्रश्न विचारायला अजून कंटाळतो.

एक काम बाकी आहे. व्हॉल्व्हच्या टोकाचं सील इंचाच्या मापाचं, बाजारात मिळतं ते मिलिमीटरचं. काकांनी परळच्या एका टर्नरकडे रिंग करायला दिली आहे. तोवर बावाजींनी गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवला आहे, आणि रोज फिरायला आले की आधी मला त्या लालसर थेंबांचा आकडा सांगतात.