मधुमेह : सांगणे आणि समजणे
(गणेशोत्सवात तंजावर येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



आत मोदक उकडत असताना मला मधुमेहावर बोलायला उभे केले, ही कार्यकर्त्यांची थट्टाच म्हणायची! मोदक खाऊच नका, असे मी सांगणार नाही. एक खा आणि त्या जेवणात भात कमी घ्या.

माझा विषय थोडा वेगळा आहे. डॉक्टरांनी सांगितलेले घरी पोचेपर्यंत त्याचे काय होते? सॅन फ्रान्सिस्को येथील एक पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. मधुमेही रुग्णांशी झालेले डॉक्टरांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले होते. डॉक्टरांनी १२४ नव्या गोष्टी सांगितल्या. त्या समजल्या का, हे पडताळले फक्त १५ वेळा. ज्यांचे डॉक्टर असे पडताळत, त्या रुग्णांची साखर जास्त आटोक्यात आढळली.

आपल्याकडे तर घरात तंजावरी मराठी, बाजारात तमिळ आणि रिपोर्ट इंग्रजीत! माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी साखर कटाक्षाने सोडली होती. कॉफीत गूळ घालत. त्यांचे काय चुकले? "साखर बंद" एवढेच सांगणाऱ्याचे चुकले, असे माझे मत आहे.

मनाचे दुखणे याहून अवघड. इन्सुलिनचे नाव काढले की माणसाला वाटते, आता शेवट आला, किंवा पथ्य मोडल्याची ही शिक्षा. वास्तविक आजार जुना होतो तशी शरीराची इन्सुलिन तयार करण्याची शक्ती उतरत जाते. हे कोणी सांगितलेले नसते. मग तो तपासणी टाळतो, घरच्यांपासून लपवतो, आणि पायाची जखम चिघळल्यावर येतो. तेव्हा बोटे वाचवता येतीलच असे नाही.

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३७ नोकरदार पुरुषांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. आहार-व्यायामाचा सल्ला सर्वांना दिला होता. निम्म्यांना शिवाय मोबाईलवर नियमित संदेश जात. तेही सरसकट नव्हेत, तर सवय बदलायला त्या माणसाच्या मनाची तयारी कितपत आहे ते पाहून. दोन वर्षांत संदेशवाल्यांपैकी १८ टक्के मधुमेही झाले, इतरांपैकी २७ टक्के. औषध नाही, नुसती वेळेवर आठवण!

आपल्या गावाला हे नवे नाही. दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महालात आहेत. धन्वंतरी महालातील उपचार तमिळ पद्यात लिहून ठेवले गेले. पद्य पाठ राहते, हा त्यातला फायदा मला मोठा वाटतो.

असो. आता मीच पडताळतो. पुढच्या रांगेतल्या वहिनी, गुळाबद्दल मी काय म्हणालो, ते तुमच्या शब्दांत सांगा पाहू.