लेकराची वेगळी वाटी

आयाबहिणींनो, आजीबाईंनो, आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या बाप्यांनो! तुम्ही पुढे सरका. हे बोलणं नुसतं बायकांसाठी नाही.

आज मी एका वाटीबद्दल बोलणार आहे. वाटी म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हे. प्रत्येकाच्या फळीवर चार-सहा वाट्या असतातच. तुमच्या घरात दोन वर्षांच्या आतलं लेकरू असेल, तर त्यातली एक वाटी त्याची करा. त्याचं जेवण त्या वाटीत वाढा. सगळ्यांच्या ताटातलं उचलून देऊ नका. माझं सांगणं एवढंच आहे. असं का करायचं, वाटीत काय घालायचं आणि ती कुणी भरवायची, ते आता पाहू.

ताटातलं लेकरू

एक घर डोळ्यांपुढे आणा. दिवे लागले आहेत. बाप शेतावरून आला आहे. ताट वाढलं आहे. सहा वर्षांची पोरगी ताटाशी बसली आहे. दीड वर्षाचं पोर रांगत, धडपडत तिथंच आलं. बापानं भाकरीचा तुकडा त्याच्या हातात दिला. पोरानं तो चोखला, अर्धा खाली टाकला. पोरीनं आपल्या घासातला भात त्याच्या तोंडात घातला. पोरानं थोडं गिळलं, थोडं ओघळलं. मग मांजर आलं. पोर मांजरामागं गेलं. ताट संपलं.

सून विचारते, "आत्याबाई, बाळ जेवलं का?"

सासू म्हणते, "जेवलं की! बापाच्या ताटात बसलं होतं न्हवं?"

सासू खोटं बोलत नाही. पोर ताटाशी बसलं होतं हे खरं. पण किती जेवलं? चार घास की दोन? कुणालाच सांगता येत नाही. कारण ताट सगळ्यांचं होतं. ज्याला भराभर जेवता येतं, त्याचं पोट भरलं. ज्याला चावायला वेळ लागतो, ते मागं राहिलं.

आता तेच जेवण वेगळ्या वाटीत वाढा. वाटी भरून घेतली आणि अर्धी उरली, तर आईला एका नजरेत कळतं. वाटी खोटं बोलत नाही.

हीच दोन वर्षं का?

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ज्वारी पोटरीत असताना पाणी चुकलं, तर पुढं पाट फोडून पाणी सोडलं तरी कणसात दाणा भरत नाही. लेकराचं तसंच आहे.

जन्मताना तीन किलोचं लेकरू पाच-सहा महिन्यांत सहा किलोंचं होतं. वर्षाचं झालं की नऊ किलोंच्या आसपास जातं. म्हणजे एका वर्षात तिप्पट! पुढं जन्मभर माणूस इतक्या वेगानं कधी वाढत नाही. डोक्यातला मेंदूही याच दोन वर्षांत सर्वांत झपाट्यानं वाढतो.

पहिले सहा महिने काळजी सोपी आहे. आईचं दूध, फक्त आईचं दूध. वरचं पाणीसुद्धा नको. मध नको, घुटी नको. त्या दुधात पाणीही असतं आणि अन्नही असतं.

सहा महिने पुरे झाले की एकट्या दुधानं भागत नाही. दूध चालूच ठेवायचं, दोन वर्षांपर्यंत आणि पुढंही. पण आता वरचं अन्नही हवं. जन्मताना अंगात आलेला लोहाचा साठा या सुमाराला संपत येतो. लोह कमी पडलं की रक्त कमी पडतं. लेकरू किरकिरं होतं, मलूल दिसतं.

आपल्याकडे उष्टावण करतात. मामा येतो, खिरीचा पहिला घास भरवतो. रीत चांगली आहे. पण पुष्कळ घरांत उष्टावणाच्या दुसऱ्या दिवसापासून लेकराचा विसर पडतो. उष्टावण एका दिवसाचं. घास मात्र रोजचा आहे.

देशभर कुटुंबांची आणि आरोग्याची एक मोठी पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्या पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांच्या आतल्या शंभर मुलांमागे सुमारे ३५ मुलं वयाच्या मानानं ठेंगणी निघाली. ती सगळीच काही उपाशी घरांतली नव्हती. चूल पेटते, भाकरी होते, आणि तरीही लेकरू खुरटतं. असं का होतं? त्याचा वाटा कुणी मोजत नाही, हे त्याचं एक मोठं कारण आहे.

वाटीत काय घालायचं?

बाजारातला डबा नको. घरात शिजतं तेच पुरे आहे. फक्त तिखट पडायच्या आधी लेकराचं वेगळं काढा.

सुरुवातीला दोन-तीन चमचे मऊ भात आणि घट्ट वरण, चांगलं कुस्करून द्या. नुसतं वरचं पाणी देऊ नका. आपल्याकडे वरणाचं पाणी, भाताची पेज पाजण्याची सवय आहे. लेकराचं पोट लहान असतं. ते पाण्यानंच भरलं तर अन्नाला जागा कुठं उरणार? म्हणून एक खूण लक्षात ठेवा. चमचा तिरका केला तर अन्न चमच्यावरून घसरून जाऊ नये. इतकं ते घट्ट हवं.

त्यात चमचाभर तेल किंवा तूप घाला. थोड्या घासात जास्त बळ मिळतं.

नाचणी भिजवा, मोड आणा, सावलीत वाळवा, हलकी भाजा आणि दळा. मोडाच्या पिठाची खीर जास्त पीठ घातलं तरी गोळा होत नाही. लेकराला गिळायला सोपी जाते आणि पोटात अन्नही जास्त जातं. आपल्या जुन्या बायका नाचणीचं सत्त्व करत, ते उगीच नव्हे.

मग हळूहळू एकेक वाढवा. मुगाची डाळ, भोपळा, बटाटा, पालक-मेथीचा मऊ पाला, पिकलेलं केळं, पपई. जे खातात त्यांनी उकडलेलं अंडं, काटे काढलेले मासे, बारीक केलेलं मटण द्यावं. पालेभाजीवर लिंबाचे दोन थेंब पिळा, लोह अंगी लागतं. शेंगदाणा अख्खा देऊ नका, घशात अडकतो. कूट करून द्या.

दोन गोष्टी मात्र वाटीपासून लांब ठेवा. एक चहा. चहा-बिस्कीट, चहा-चपाती देऊन पोर गप्प होतं. पण चहानं भूक मरते आणि अन्नातलं लोह वाया जातं. दुसरी दुकानातली कुरकुरीत पुडी. पाच रुपयांच्या पुडीत अंगाला लागेल असं थोडंच असतं. तोच पैसा अंड्याला द्या.

किती आणि किती वेळा?

दुधाचं पाव लिटरचं माप घ्या. ते भरून पाणी वाटीत ओता. जी वाटी बरोबर भरेल, ती लेकराची वाटी.

सहा ते आठ महिने: दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून हळूहळू अर्धी वाटी. दिवसातून दोन-तीन वेळा.

नऊ ते अकरा महिने: अर्धी वाटी. दिवसातून तीन-चार वेळा.

एक ते दोन वर्षं: पाऊण ते पूर्ण वाटी. दिवसातून तीन-चार वेळा.

नऊ महिन्यांनंतर मधल्या वेळेला केळं, लाडू असं एक-दोनदा काही द्यावं. आईचं दूध आहेच.

मोठं माणूस दोन वेळा जेवून दिवस काढतं. लेकराला ते जमत नाही. लहान चूल, तिला थोडं थोडं सरपण वारंवार घालावं लागतं.

भरवायचं कुणी?

आता खरी अडचण येते. बाई म्हणते, "ताई, तुम्ही सांगता ते पटतं. पण मी आठला खुरपणीला जाते, पाचला येते. मी चार वेळा कशी भरवू?"

बाई, तुझं म्हणणं खरं आहे. एका बाईनं रोजगारही करायचा, पाणीही भरायचं, स्वयंपाकही करायचा, आणि चार वेळा वाटी घेऊन बसायचं, हे होणार नाही. म्हणूनच मी बाप्यांना पुढं बोलावलं आहे. लेकरू एकट्या आईचं नाही, घराचं आहे.

सकाळची वाटी आईनं भरवावी. दुपारच्या दोन आजी-आजोबांनी भरवाव्यात. मूग-तांदूळ भाजून दळलेलं पीठ डब्यात भरून ठेवा. आजीनं ते पाण्यात शिजवलं की ताजी वाटी तयार. सकाळचं शिजवलेलं दुपारपर्यंत तसंच ठेवलेलं लेकराला देऊ नका, उन्हाळ्यात तर नाहीच. संध्याकाळची वाटी बापानं भरवावी. दिवसभर मळ्यात राबलेल्या हाताला चमचा जड होत नाही.

भरवायला बसण्याआधी साबणानं हात धुवा, लेकराचेही धुवा. मांडीवर घ्या. चिऊचा घास, काऊचा घास म्हणत भरवा. त्याच्याशी बोला. मोबाइल दाखवून तोंडात घास कोंबू नका. लेकरू मान फिरवतं तेव्हा थोडं थांबा, पुन्हा द्या. मारून, नाक दाबून भरवू नका. भीतीनं गिळलेला घास लेकराला जेवणाचा वैरी करतो. भरवायच्या त्या अर्ध्या तासात लेकरू शब्द शिकतं, माणसं ओळखतं.

आणि एक गोष्ट. वाटी मुलाची आणि मुलीची सारखीच. मुलाच्या वाटीत तूप आणि मुलीच्या वाटीत नुसता भात, असं करू नका. वाढणाऱ्या हाडाला मुलगा-मुलगी कळत नाही.

"आमची नाही का वाढली?"

आजीबाई म्हणतील, "आम्ही कुठं वाट्या मोजल्या? आमची पोरं नाही का वाढली?"

वाढली, आजी. पण जी वाढली तीच आज डोळ्यांपुढं आहेत. जी गेली त्यांची आठवण फक्त तुमच्या पोटात आहे. गोवरानं गेलं, हगवणीनं गेलं, असं आपण म्हणतो. पण धडधाकट लेकरू जो आजार सोसतं, तोच आजार खुरटलेल्या लेकराचा जीव घेतो.

म्हणून लेकरू आजारी पडलं तर वाटी बंद करू नका. जुलाब लागले तर आपण खाणं तोडतो. तसं करू नका. आईचं दूध चालू ठेवा. क्षारसंजीवनीची पुडी पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात कालवा आणि घोटघोट पाजा. आशाताईकडून जस्ताच्या गोळ्या घ्या, चौदा दिवस द्या. जुलाब आधी थांबले तरी मधेच सोडू नका. लेकराचे डोळे खोल गेले, ते सुस्त पडलं, दूध ओढेना किंवा शौचात रक्त दिसलं, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक वाटी जास्त द्या. आजारात झिजलेलं असं भरून निघतं.

आता तुम्हाला वाचता येतं

१९७५ साली २ ऑक्टोबरला आपल्या देशात अंगणवाडीची योजना सुरू झाली. अंगणवाडीत लेकराचं वजन दर महिन्याला होतं. ते कार्डावर मांडतात. ठिपक्याला ठिपका जोडून रेघ तयार होते.

आजवर ते कार्ड तुम्ही पत्र्याच्या पेटीत ठेवत होता. आता तुम्हाला वाचता येतं. कार्ड बाहेर काढा. लेकराचं नाव वाचा, जन्मतारीख वाचा, वजनाचा आकडा वाचा. रेघ वर चढते आहे का? मग वाटी पुरते आहे. रेघ आडवी झाली का? मग वाटी कमी पडते आहे, नाहीतर लेकरू आजारी आहे. रेघ खाली उतरली तर त्याच दिवशी अंगणवाडीताईला विचारा.

ताईकडे दंड मोजायची रंगीत पट्टीही असते. सहा महिन्यांपुढच्या लेकराचा दंड साडेबारा सेंटिमीटर किंवा जास्त भरला तर पट्टी हिरवी दिसते. त्याखाली पिवळी. साडेअकराच्या आत लाल. लाल दिसली तर घरचे उपाय पुरत नाहीत. लेकराला सरकारी दवाखान्यात न्यायचं. लाज धरायची नाही.

अंगणवाडीतून लेकरासाठी घरी न्यायला आहार मिळतो. तो लेकराच्या नावाचा आहे. तो सगळ्या घरानं वाटून खाल्ला, तर लेकराच्या वाट्याला पुन्हा चार घासच येतात.

मंडळी, यात कर्ज काढायला नको, कुणाच्या पाया पडायला नको. तव्यावरची भाकरी तीच, हंडीतलं वरण तेच. फक्त आधी लेकराची वाटी भरायची, मग आपली ताटं. आज घरी गेलात की फळीवरची एक वाटी काढा आणि घासून घ्या. वाटीवर लेकराचं नाव घाला. घरात ज्यानं नवी अक्षरं शिकली असतील, त्यानं ते आपल्या हातानं घालावं.

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा

१. आपल्या घरातल्या लेकराला काल किती वेळा भरवलं? किती खाल्लं?

२. दुपारची वाटी आपल्या घरात कोण भरवू शकेल?

३. लेकराच्या कार्डावरची रेघ गेल्या तीन महिन्यांत वर गेली की आडवी राहिली?

४. चहा आणि पुडी यांवर महिन्याला किती पैसे जातात? तेवढ्यात किती अंडी येतील?