पहिल्या छपाईचा मान



 संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात मराठी कथेचं कालचं वैभव सांगायचं आणि उद्याची काळजी करायची, असा शिरस्ता आहे. तो मी आज मोडतो. दरवर्षी जूनपासून गणपतीपर्यंत आपल्यात एक कुरबुर चालते. संपादक ती फोनवर एकमेकांशी बोलतात, लेखक आपसांत बोलतात, पण समोरासमोर कोणी बोलत नाही. फेसबुकवर किंवा एखाद्या ऑनलाइन मंचावर आधीच टाकलेली कथा दिवाळी अंकाला पाठवावी का? आणि संपादकानं ती घ्यावी का?

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. पाठवावी, पण सांगून. घ्यायची की नाही हे संपादकानं ठरवावं, पण तो नियम आधी छापून. आजचं भांडण कथा ऑनलाइन गेली याचं कमी आहे आणि लपवाछपवीचं जास्त.

कोऱ्या, म्हणजे आधी कुठेच न छापलेल्या, मजकुराचा आग्रह आपल्याकडे जुना आहे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' सुरू केलं. त्यात कादंबरी प्रकरणाप्रकरणानं येई आणि पुढचं प्रकरण वाचायला पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि वर्षातून एकदा नव्या साहित्याची मेजवानी हा मराठी घराचा रिवाज झाला. दुसरीकडे कुठे मिळणार नाही असा मजकूर देणं, हा नियतकालिकाचा पायाच आहे. त्यामुळे 'आमच्याकडे अप्रकाशित साहित्यच पाठवावे' असं संपादक म्हणतो, तेव्हा तो आडमुठेपणा करत नाही. त्याच्या व्यवसायाची ती अट आहे.

पण याच परंपरेची दुसरी बाजूही आठवू या. कथा एकदा छापली की तिचं आयुष्य संपलं, असं मराठीत कधीच नव्हतं. नियतकालिकात आलेली कथा संग्रहात गेली, संग्रहातून प्रातिनिधिक संपादनात गेली, तिथून पाठ्यपुस्तकात गेली. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव कथाकथन केलं. कथा ऐकलेल्या माणसानं पुस्तक घेणं सोडलं नाही, उलट ऐकून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी वाचनालयात पुस्तक शोधू लागला. नाशिकचं 'अमृत' तर डायजेस्टच होतं. इतरत्र आलेलं वेचून देणं हेच त्याचं काम, आणि त्याला वाचकांचं प्रेम मिळालं. म्हणजे पुन्हा छापण्याला आपण कधी नाक मुरडलं नाही. संपादकाचा हक्काचा आग्रह एवढाच होता की पहिली छपाई माझी.

आज प्रश्न या पहिल्या छपाईचा आहे. परदेशातल्या मराठी माणसांनी १९९६ साली 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा पडद्यावर मराठी वाचणारे मोजके होते. पुढे युनिकोडनं देवनागरी टाइप करणं सोपं झालं, हातात मोबाइल आला, 'प्रतिलिपी'सारखे मंच आले, आणि कथा लिहून तासाभरात वाचकापुढे ठेवता येऊ लागली. नव्या लेखकानं हे केलं तर त्याला दोष देण्याआधी आपण, म्हणजे संपादकांनी, आरशात पाहावं. 'सत्यकथा' हे मासिक १९८२ साली बंद पडलं. त्याच्याबद्दल कितीही वाद असोत, कथा परत करताना लेखकाशी पत्रातून बोलण्याची रीत त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी पाळली. आज जूनमध्ये मेल केलेल्या कथेचं काय झालं, हे लेखकाला पुष्कळदा ऑक्टोबरात अंक बाजारात आल्यावर अनुक्रमणिका चाळून कळतं. नकाराचं एक वाक्यही येत नाही. मधल्या चार महिन्यांत कथा दुसरीकडे द्यायची नाही, असंही आपणच सांगतो. तिकडे ऑनलाइन टाकली की संध्याकाळपर्यंत पन्नास माणसं बोलतात. त्यातली पंचेचाळीस 'अप्रतिम' एवढंच लिहितात हे खरं, पण नव्या लेखकाला शांततेपेक्षा तेही बरं वाटतं.

आता लेखकांना दोन शब्द. संपादकाची बाजू समजून घ्या. कागद, छपाई, टपाल आणि विक्रेत्याचं कमिशन भागवून अंक तीन-चारशे रुपयांना विकायचा असतो. अंक घेणाऱ्याला पान उलटल्यावर 'ही तर मी ऑगस्टात फुकट वाचली' असं वाटलं, तर तो पुढच्या वर्षी हात आखडता घेतो. स्पर्धेत तर अडचण आणखी मोठी. परीक्षकांपुढे नाव झाकून कथा जातात. पण पहिली दोन वाक्यं शोधयंत्रात टाकली की लेखकाचं नाव, फोटो आणि प्रतिक्रिया सगळं समोर येत असेल, तर ते झाकणं निरर्थक ठरतं. म्हणून स्पर्धेची अट नेहमीच्या अंकापेक्षा कडक असली तर ती रास्त आहे. आणि खाली सही करून 'कथा पूर्वप्रकाशित नाही' असं हमीपत्र देणाऱ्यानं ते खरं द्यावं, यात तर वादच नको.

पण मग कायद्यानं 'प्रकाशित' म्हणजे काय, हे दोन्ही बाजूंनी एकदा वाचून घ्यायला हवं. आपल्या प्रतिमुद्राधिकार कायद्याच्या, म्हणजे १९५७च्या कॉपीराइट अधिनियमाच्या, कलम ३ प्रमाणे प्रती काढून लोकांपुढे ठेवणं हे जसं प्रकाशन, तसंच कृती लोकांपर्यंत पोहोचवणं हेही प्रकाशन. किती जणांनी प्रत्यक्ष वाचलं हा मुद्दा नाही. लोकांना वाचता येईल अशी ती ठेवली, एवढं पुरतं. म्हणून 'माझ्या भिंतीवर दहाच लाइक होते' हा बचाव टिकत नाही. 'पाठवण्याआधी मी पोस्ट काढून टाकली' हाही टिकत नाही. पोस्ट काढल्यानं कथा वाचकांपुढून जाते, प्रकाशित झाली होती ही गोष्ट जात नाही. आणि स्क्रीनशॉट काढणारे असतातच. चार मित्रांच्या बंद गटात मत विचारण्यासाठी पाठवलेला खर्डा मात्र वेगळा. तो लोकांपुढे ठेवलेला नाही, त्याला संपादकानं हरकत घेऊ नये.

याच कायद्याचं पुढचं कलम ४ फारसं कोणी वाचत नाही, आणि आजच्या काळात सगळ्यात कामाचं तेच आहे. मालकाच्या परवानगीशिवाय कोणी कृती प्रसिद्ध केली, तर ती कायद्यानं प्रकाशित झाली असं मानत नाहीत; अपवाद फक्त हक्कभंगाच्या प्रश्नापुरता. आपली एखादी कथा कोणीतरी उचलतो, लेखकाचं नाव पुसतो, खाली 'साभार' किंवा नुसतं 'फॉरवर्ड' लिहितो आणि ती व्हॉट्सअॅपवर महाराष्ट्रभर फिरते. ती कथा लेखकानं स्वतः कुठेच दिलेली नसेल, तर ती त्याच्यापुरती अप्रकाशितच आहे. 'आमच्या ग्रुपवर ही येऊन गेली' म्हणून ती नाकारणारा संपादक चोराची शिक्षा मालकाला देतो.

आणि हक्कांचं सांगायचं तर संपादकांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कलम १९ प्रमाणे हक्क सोपवायचा तर तो लेखी आणि लेखकाच्या सहीनं. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. नुसती कथा मेलवर आली आणि छापली, म्हणजे तिचे सगळे हक्क अंकाकडे आले असं होत नाही. ती अंकात छापायची संमती झाली. तीच कथा पुढे आपल्या संकेतस्थळावर टाकणं, ई-अंकात घालणं, श्राव्य रूपात वाचून घेणं, यासाठी वेगळं विचारायला हवं. लेखकानं फुकट टाकली म्हणून रागावायचं आणि नंतर आपणच न विचारता तिची पीडीएफ वाटायची, हे शोभत नाही. लेखकांनीही मंचावर कथा टाकण्याआधी त्या मंचाच्या अटी वाचाव्यात. बहुतेक ठिकाणी लेखकाचा हक्क लेखकाकडेच राहतो. पण स्पर्धा, पुरस्कार, मानधनाच्या योजना यांच्या अटींत 'फक्त आमच्याकडे' असं कलम असू शकतं. अशी कथा मग दिवाळी अंकाला देण्याचा हक्कच आपल्याकडे उरत नाही.

बाहेरही सगळीकडे एकच रीत नाही. इंग्रजी नियतकालिकांत पहिल्या छपाईचा हक्क वेगळा विकला जातो आणि बरेच संपादक स्वतःच्या संकेतस्थळावर टाकलेलीही कथा नाकारतात. उलट 'रॅटल' हे अमेरिकेतलं कवितेचं नियतकालिक समाजमाध्यमावर स्वतः टाकलेल्या कवितेला प्रकाशित मानत नाही, असं आपल्या नियमांत स्पष्ट लिहितं. दोन्ही चालतं. कारण काय मानायचं, हे दोघांनीही आधी सांगून ठेवलेलं आहे. आपल्याकडे 'अप्रकाशित' एवढाच शब्द छापतात आणि त्याचा अर्थ ज्याचा त्यानं लावायचा.

म्हणून संमेलनापुढे काही सूचना ठेवतो. संपादकांनी आवाहनातच एक ओळ घालावी: समाजमाध्यमावर आलेली कथा चालेल की नाही, आणि चालणार असेल तर कशी. कथा मिळाल्याची पोच द्यावी आणि गणपतीपूर्वी होकार किंवा नकार कळवावा. तेवढं जमणार नसेल, तर कथा अडकवून ठेवण्याचा आग्रह सोडावा. जो अंक मानधन देत नाही, त्याला पहिल्या छपाईवर कडक हक्क सांगता येणार नाही. ज्याला कोरी कथा हवी, त्यानं तिचं मोल द्यावं.

लेखकांनी सोबतच्या पत्रात तीन गोष्टी लिहाव्यात: कथा आधी कुठे आली, कधी आली, आणि नंतर तीत काय बदललं. वाचकांच्या प्रतिक्रिया वाचून शेवट बदलला असेल, एखादं पात्रच काढलं असेल, तर तेही सांगावं. तो बदल संपादकाला कदाचित मूळ कथेहून जास्त आवडेल. कथा स्वीकारली गेली तर अंक निघेपर्यंत ती ऑनलाइन नसावी, आणि पुढे गुढीपाडव्यापर्यंत लेखकानं थांबावं. वाचनालयांच्या दिवाळी अंक योजनेत अंक हिवाळाभर हातोहात फिरतात, त्या वाचकाचाही विचार व्हावा. पाडव्यानंतर लेखकानं ती खुशाल जगापुढे ठेवावी, फक्त खाली अंकाचं नाव लिहावं. तसंच संपादकानंही, ऑनलाइन आलेली कथा घेतली तर, शेवटी 'पूर्वप्रसिद्धी' अशी एक ओळ छापावी. कथासंग्रहांच्या शेवटी ही यादी देण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. तीच अंकात आणली की लपवण्यासारखं काही राहत नाही.

आणखी एक धाडस करावं असं सुचवतो. प्रत्येक अंकानं वर्षभरातल्या ऑनलाइन कथांतून दोन-तीन कथा स्वतः निवडून, परवानगी घेऊन, मानधन देऊन छापाव्यात. तिथे चांगलं लिहिणारी माणसं आहेत. त्यांना दारात उभं करून 'कोरी आहे का?' विचारण्यापेक्षा, संपादकानं स्वतः जाऊन ती कथा शोधावी. निवड करणं हेच संपादकाचं खरं काम. ऑनलाइन गर्दी जितकी वाढेल, तितकी या कामाची किंमत वाढणार आहे.

येत्या हंगामाचं आवाहन निघायला अजून वेळ आहे. इथल्या प्रत्येक संपादकानं आपल्या आवाहनात ती एक ओळ घालावी, आणि प्रत्येक कथाकारानं पुढची कथा पाठवताना पूर्वप्रसिद्धी खरी लिहावी, एवढीच माझी विनंती आहे. ती आपण मान्य केलीत, तर या संमेलनाचं काम झालं असं मी समजेन.