हृदयातील गाठ आणि तिचे निदान
(ज्ञातिबांधवांच्या वार्षिक संमेलनात पालघर येथे दिलेले व्याख्यान)



चिटणिसांनी आरोग्यावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. विषय अफाट असल्याने आम्ही आमच्याच एका चुकीपासून आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी बोईसरनजीकच्या एका गावातील, चाळिशीच्या घरातील भगिनी आमच्याकडे आली. चार पावले चालताच तिला धाप लागे. घरच्यांनी त्यास दमा ठरविले होते. आम्ही छातीस नळी लावली, तो डाव्या झडपेपाशी खरखर ऐकू आली. सांधेतापाने झडप आकसली आहे, असे लिहून आम्ही मोकळे झालो. आपल्या देशात हा विकार इतका आढळतो की लेखणी आपोआप त्याच शब्दाकडे वळते. सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या होत्या, “डॉक्टरसाहेब, ही उठून बसली की घेरी येते, आडवी झाली की बरी होते.” हे वाक्य आम्ही ऐकले, पण ध्यानात घेतले नाही. वस्तुतः झडप आकसलेल्या रोग्याची धाप आडवे होताच वाढते. येथे सारे उलट होते.

महिन्याभराने टू-डी इको काढविला, तेव्हा उलगडा झाला. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास, देठाने लटकलेल्या फळासारखी एक मऊ गाठ डाव्या बाजूस होती. प्रत्येक ठोक्यास ती झडपेच्या दारात उतरे व पुन्हा वर जाई. दार अडले की रक्त अडे, आणि घेरी येई. या गाठीस मिक्सोमा म्हणतात. ती कर्करोगाची नव्हे. मूळ हृदयातच उद्भवणाऱ्या गाठींत प्रौढांमध्ये हीच अधिक आढळते; चारांपैकी सुमारे तीन डाव्या वरच्या कप्प्यात असतात, आणि स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक. बारीक ताप व वजन घटणे हीही तिची लक्षणे असल्याने वैद्याची दिशाभूल होते.

हे यंत्र पाहते कसे, ते तारापूरच्या मंडळींस सांगणे सोपे आहे. कारखान्यात नळाच्या जोडात भेग आहे काय, हे पाहण्यास कानास ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी धातूत सोडून त्यांचा प्रतिध्वनी घेतात, हे आपणांपैकी कित्येकांनी पाहिले असेल. स्वीडनमधील लुंड येथील वैद्य एडलर व पदार्थविज्ञानवेत्ते हर्ट्झ यांनी माल्मोच्या जहाजबांधणीच्या कारखान्यातील असेच यंत्र पाहिले, आणि 1953 साली तसल्याच यंत्राने जिवंत हृदयाचा प्रतिध्वनी टिपला. लोखंडाची भेग शोधणारी विद्या मनुष्याच्या छातीशी आली, याचे आम्हांस आजही नवल वाटते! पुढील वर्षी स्टॉकहोम येथे क्राफोर्ड यांनी अशी गाठ यशस्वीपणे काढली. आणि 1959 साली जर्मनीत प्रतिध्वनीने तिचे निदान झाले. त्यापूर्वी बहुतेक वेळा ती मरणोत्तर तपासणीतच सापडे.

आज इको काढताना सुई नाही, भूल नाही. छातीस गारेगार मलम लावून तपासक हात फिरवितो. गाठ केवढी, देठ कोठे, झडपेतून रक्त किती जोराने रेटावे लागते, हे सारे पडद्यावर दिसते. साकळलेले रक्तही कधी गाठीसारखे दिसते. परंतु ते बहुधा कप्प्याच्या मागील भिंतीपाशी वा कोपऱ्यात असते व त्यास देठ नसतो. तरीही शंका राहिल्यास अन्ननलिकेतून नळी उतरवून जवळून पाहतात.

निदान झाले, तरी खरी अडचण पुढेच होती. घरात लेकीचे लग्न ठरले होते. “वैशाख उलटला की मुंबईस नेतो,” असे यजमान म्हणाले. औषधाने ही गाठ विरत नाही. तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात, आणि दार पुरते अडले तर बसल्या जागी मृत्यू. हे आम्ही त्यांस तीनदा सांगितले. चौथ्यांदा सासूबाईच बोलल्या : “मांडवात आई पाहिजे ना?” त्याच आठवड्यात बोईसरहून गाडी धरली. शस्त्रक्रिया होऊन ती घरी परतली. लग्न पुढे ढकलले, आणि ते मार्गशीर्षात झाले.

क्वचित ही गाठ पुन्हा उगवते, म्हणून तिचा इको दरवर्षी होतो. काही थोड्या कुटुंबांत हा विकार वंशाने येतो, हे जाणून आम्ही तिच्या दोघा भावांसही बोलाविले. धाकटा आला, थोरला बागेच्या कामामुळे अजून यावयाचा आहे.