गोवराची वर्गणी



वर्गणी मागण्याचं काम मी पुष्कळ वर्षं केलं. गणपती, वाचनालय, नेत्रशिबिर, पूरग्रस्त. पावतीपुस्तक पुढे केलं की लोक कुरकुरत का होईना, खिशात हात घालतात. फजिती झाली ती एकदाच. 2013 साली लायन्स क्लबांनी गरीब देशांतल्या मुलांच्या गोवरलशीसाठी तीन कोटी डॉलर जमवायचं कबूल केलं होतं. जेवढे जमतील तेवढीच भर ब्रिटिश सरकार आणि गेट्स फाउंडेशन मिळून घालणार होते. मी तेव्हा तालुक्याच्या गावी आमच्या क्लबाचा खजिनदार. पेठेतल्या एका अडत्यांकडे गेलो.

"गोवराला कसली वर्गणी, साहेब?" ते म्हणाले. "आम्हा तिन्ही भावांना निघाला होता. आईनं उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवला, पंधरा दिवसांत हुंदडायला लागलो."

दुकानामागेच घर. आतून त्यांच्या आईचा आवाज आला, "तिघांना नाही रे, चौघांना."

गोवराची अडचण हीच आहे. तो ओळखीचा. पुरळ उठतं, ताप येतो, उतरतो. जो उठून खेळायला लागतो तोच पुढं साठ वर्षं गोष्ट सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे एकट्या 2023 सालात गोवरानं 1,07,500 माणसं गेली. त्यात बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. पण ओळखीच्या रोगाची भीती वाटत नाही, आणि भीती वाटली नाही की पाकीट उघडत नाही. वर्गणीवाल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

याचा सगळ्यात कडू दाखला काँगोत मिळाला. 2019 साली त्या देशाच्या पूर्वेला एबोलाची साथ चालू होती. अंगभर पांढरा पोशाख चढवलेले डॉक्टर टीव्हीवर रोज दिसत. त्या साथीत शेवटपर्यंत सुमारे 2,300 लोक गेले. त्याच वेळी, त्याच देशात, गोवराचे तीन लाखांवर संशयित रुग्ण झाले आणि 6,000 हून जास्त माणसं दगावली. ते चित्र किती जणांनी पाहिलं? जानेवारी 2020 मध्ये आरोग्य संघटनेला जाहीरपणे सांगावं लागलं की हाती 2 कोटी 76 लाख डॉलर आलेत, आणखी 4 कोटी हवेत. एबोलावर खर्च केला ते चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्याच्यावर तेव्हा नवी लस नुकती कुठे वापरात येत होती. गोवराची लस तर 1963 पासून आहे.

आणि ती महागही नाही. सगळा खर्च धरून एका मुलामागे दोन डॉलरच्या आतबाहेर. त्यातली कुपी बहुधा आपल्या पुण्याची, कारण युनिसेफमार्फत गरीब देशांत जाणाऱ्या गोवरलशीचा मोठा वाटा हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होतो.

मग पैसे जातात कुठे? कुपीच्या प्रवासात. लस भुकटीच्या रूपात येते. दोन ते आठ अंश थंडाव्यात ती सांभाळायची, सोबतच्या द्रावणात ऐन वेळी कालवायची, आणि एकदा कालवली की सहा तासांत संपवायची. उरेल ती फेकायची. साधारण एका कुपीत दहा मुलांची लस. काँगोत शीतपेटी मोटारसायकलला बांधून, पुढं होडीत घालून नर्सबाई एखाद्या वस्तीवर पोचते, तर समोर तीनच मुलं. आता कुपी फोडायची की नाही? फोडली तर सात डोस वाया आणि वर जाब. नाही फोडली तर तीन मुलं तशीच राहिली. गोवराचा एक रुग्ण, लस न घेतलेल्यांच्या गर्दीत, बारा ते अठरा जणांना लागण देतो. तेव्हा फोडावीच. सात डोस वाया गेले म्हणून नाक मुरडणाऱ्या देणगीदाराला एकदा त्या होडीत बसवावं असं मला फार वाटतं.

लांब कशाला, 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीत मुलं गोवरानं गेली. तिथं लस फुकट होती. कोविडच्या काळात चुकलेले डोस घरोघर जाऊन शोधायला माणसं लागतात, तीच कमी पडली.

प्रयोगशाळांचं तर विचारूच नका. अंगावर उठलेलं पुरळ गोवराचंच का, हे ठरवणाऱ्या सातशेवर प्रयोगशाळांचं जगभर जाळं आहे. त्याचा खर्च अमेरिका करत आली, वर्षाला सुमारे 80 लाख डॉलर. 2025 मध्ये तिनं हात आखडला. बाळाच्या फोटोवर वर्गणी मिळते, परीक्षानळीच्या फोटोवर कोण देणार?

त्या अडत्यांनी शेवटी पैसे दिले. आईनं आतून पाहिलं असावं, कारण नोटा मोजून झाल्यावर त्यांनी आणखी एक वर ठेवली. 'कशासाठी' या रकान्यात मी 'लस' असं लिहिलं. आज पावती फाडायची वेळ आली तर लिहीन, 'बर्फ, पेट्रोल, होडीचं भाडं आणि नर्सबाईंचा दिवसाचा भत्ता'. रकाना लहान आहे, पण बारीक अक्षरात मावेल.