पवित्र अवशेष : शेजाऱ्यांचे आणि आपले
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गोव्यात २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात संत फ्रान्सिस झेवियर यांचे शव दर्शनासाठी ठेवले होते. दर दहा वर्षांनी ठेवतात. वसईकडचे आपले कितीतरी ख्रिस्ती सहकारी गेले. तेव्हा आपल्यातले काहीजण म्हणाले, "मेलेल्या माणसाच्या पाया पडायचं, ही कसली श्रद्धा?" आम्हाला वाटते, हसण्याआधी थोडे थांबावे. ज्या जागी ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, त्या चैत्यभूमीवर आपण तासन् तास रांगेत उभे राहतो. नवस बोलायला नाही, कृतज्ञता म्हणून.

ख्रिस्ती लोकांतही सुरुवात अशीच झाली. दुसऱ्या शतकात स्मर्ना शहरातील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांना रोमन सत्तेने ठार केले, देह जाळला. अनुयायांनी उरलेली हाडे रत्नांहून मोलाची मानून जपली. पुढे प्रकार ठरले: संताचा देह, त्याच्या वापरातील वस्तू, आणि त्यांना स्पर्श झालेल्या वस्तू. आपल्याकडे शारीरिक, पारिभोगिक आणि उद्देशिक अशी वर्गवारी आहे. पहिल्या दोन तर जवळजवळ जुळतात!

मग बाजार आला. मध्ययुगात युरोपात खोट्या हाडांचाही धंदा चालला. त्रेंतच्या धर्मसभेने १५६३ साली सन्मान राखला, पण अंधश्रद्धा आणि पैसा यांना मनाई केली. आजही चर्चच्या कायद्याने पवित्र अवशेष विकता येत नाहीत. हे आपण त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे, कारण पिप्रहवा येथील स्तूपात १८९८ साली बुद्धांच्या अस्थींसोबत सापडलेली रत्ने मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात निघाली होती. भारत सरकारने हरकत घेतली, लिलाव थांबला आणि जुलैत ती मायदेशी आली.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. झेवियर १५५२ साली वारले, १५५४ साली त्यांचा देह गोव्यात आणला. त्याच गोव्यात १५६१ साली, पोर्तुगीजांनी जाफनाहून लुटून आणलेला, बुद्धांचा म्हणून पूजला जाणारा दात आर्चबिशपांनी कुटून जाळला. पेगूचा राजा त्यासाठी मोठी रक्कम द्यायला तयार होता. श्रीलंकेतले बौद्ध म्हणतात, खरा दात तो नव्हताच, खरा कँडीत आहे. खरा असो वा नसो, एकाचा देह चांदीच्या पेटीत आणि दुसऱ्याचा दात उखळात, हे कसे समजायचे? त्याबद्दल आजच्या वसईकराशी भांडायचे कारण नाही. पण विसरायचेही कारण नाही.

आता आपले बघू. आपल्याच पालघर जिल्ह्यात, नालासोपाऱ्याला, बुरुड राजाचा कोट म्हणतात ती टेकडी एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उकरली. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात एकात एक आणखी करंडक, अगदी आत सोन्याचा. त्यात मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे! बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपलेले असावेत, असे पंडितांचे मत. भोवती आठ बुद्धमूर्ती होत्या. हे सारे मुंबईत टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. सोपाऱ्याला राहिला तो विटांचा स्तूप.

गोव्याच्या रांगेत लाखो, आणि सोपाऱ्याला आपल्या बोईसरचे किती? लोकलने जाता येते, तरी बहुतेक घरांनी तो स्तूप पाहिलेला नाही. म्हणून विहारातर्फे येत्या पौर्णिमेला सर्वांनी मिळून जायचे ठरले आहे. नावे आजच द्या, मुलांना जरूर आणा, आणि डबा ज्याचा त्याने घ्यावा.